सरकलेलं कौल

आमच्या शाखेतला कॅशियर शंभर नोटांचं बंडल मोजायला लागला की काउंटरपलीकडची रांग गप्प होऊन त्याच्या बोटांकडे बघत राहायची. नोटा मोजण्याचं यंत्र त्या काळी आमच्यासारख्या तालुक्याच्या शाखेत कुणी पाहिलंही नव्हतं. डाव्या हातात बंडल धरून उजव्या हाताच्या बोटांनी तो नोटा अशा उडवायचा की फर्रर्र असा एकच आवाज व्हायचा. आवाज थांबला की मान वर न करता म्हणायचा, "नव्व्याण्णव आहेत, काका. एक आणखी द्या." काका कपाळाला आठ्या घालून पुन्हा मोजायचे. नव्व्याण्णवच असायच्या.

१९८६ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी, त्या बोटांतली शक्ती गेली. ती परत आली नाही.

शाखेतले आम्ही पाच जण एका खातेदाराच्या मळ्यावर आमरसाच्या जेवणाला गेलो होतो. जेवणाआधी विहिरीत डुंबायचं ठरलं. कॅशियर नदीकाठच्या गावात वाढलेला, पट्टीचा पोहणारा. दिवाळीच्या सुट्टीत याच विहिरीत त्यानं काठावरून सूर मारला होता. पण दिवाळीत पाणी वरच्या पायऱ्यांना टेकलेलं असतं आणि मे महिन्यात ते तळाशी जातं. पाण्याखाली जेमतेम कमरेइतक्या खोलीवर खडकाचा एक टप्पा होता. गढूळ पाण्यात तो दिसत नव्हता. "साहेब, बघा हं," असं म्हणून त्यानं हात पुढे केले आणि झेप घेतली.

तो वर आला तो पालथा. आम्ही दोघांनी उड्या टाकल्या, त्याला उताणा केला. तो शुद्धीवर होता. डोळे उघडे होते. कपाळावर थोडं खरचटलं होतं, एवढंच. माझ्याकडे बघून तो अगदी हळू म्हणाला, "साहेब, माझे हात कुठे आहेत?"

हात त्याच्या अंगालगत पाण्यावर तरंगत होते.

पुढचं सांगताना आजही माझी लेखणी अडखळते. आम्ही त्याला पायऱ्यांवरून वर आणलं. काखेत हात घालून उचलणारा मी होतो. एकानं पाय धरले होते. मान मात्र कुणीच धरली नव्हती. ती छातीवर लोंबत होती, पायरीगणिक हिंदकळत होती. वर आणल्यावर कुणी तळपाय चोळले, कुणी बसतं करून पाणी पाजायचा प्रयत्न केला. मग त्याला जीपच्या मागच्या सीटवर दुमडून बसवलं आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी नेलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. रस्त्याला खड्डे किती होते ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "हाड कुठे मोडलेलं नाही." आम्ही हुश्श केलं. पण त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. "मणका सरकलाय. मानेतला पाचवा, सहाव्यावरून पुढे."

हाड मोडलेलं नाही, कवटी शाबूत आहे, रक्त आलेलं नाही आणि तरी धडधाकट माणसाचे हातपाय जातात, हे कोडं मी पुढे कित्येक वर्षं मनात बाळगलं. हिशेबात एका रुपयाचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत बसून तो शोधायची आमची सवय. हा फरक मात्र मला सापडत नव्हता.

तो सापडला निवृत्तीनंतर. एका कादंबरीत हाडांच्या डॉक्टरचं पात्र आलं, म्हणून मी आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या, शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून दोऱ्यात ओवलेले मानेचे सात मणके काढले आणि चहाच्या टेबलावर मांडले. सातच का, तर माणसाला सात, उंदराला सात आणि जिराफालाही सातच. मान लांब करताना निसर्गानं मणक्यांची संख्या वाढवली नाही, एकेक मणकाच लांब केला.

वरचे दोन मणके बाकीच्यांसारखे दिसत नाहीत. पहिला म्हणजे नुसतं कडं. ग्रीक पुराणात आकाश खांद्यावर पेलणारा अ‍ॅटलास आहे, त्याचं नाव या मणक्याला मिळालं, कारण याच्यावर कवटी बसते. कवटी आणि हे कडं यांच्यातल्या सांध्यावर आपण होकाराची मान हलवतो. दारात येणारा नंदीबैल गुबूगुबू वाजलं की जी मान हलवतो, ती बरीचशी इथेच. दुसऱ्या मणक्याला दातासारखा एक सुळका असतो. तो कड्यात शिरलेला असतो आणि त्याच्याभोवती कडं फिरतं. नकाराची मान इथे हलते. डावी-उजवीकडे बघताना मानेचं निम्मं वळणं या एका जागी होतं. म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांना देवानं स्वतंत्र सांधे दिले आहेत. माणसं दोन्हींची गल्लत करतात, तो दोष हाडांचा नव्हे.

प्राध्यापक मग खालच्या पाच मणक्यांकडे वळले. प्रत्येक मणक्याला पुढे जाड ठोकळा आणि मागे एक कमान असते. ठोकळे एकावर एक बसतात आणि त्यांच्यात चकती असते. कमानीच्या पोकळीतून मेरुरज्जू खाली जातो. आणि मागे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन छोटे सांधे वरच्या मणक्याला खालच्या मणक्याशी जोडतात. डॉक्टर त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. नखाएवढे दोन गुळगुळीत पृष्ठभाग, मध्ये कूर्चा, भोवती पातळ पिशवी. एवढंसं काम. पण माझ्या कोड्याचं उत्तर तिथे होतं.

"तुम्ही कोकणातले ना?" प्राध्यापकांनी विचारलं. "कौलं आठवतात?"

आठवत नाहीत कशी! आमच्या घराला मंगलोरी कौलं होती. प्राध्यापकांनी दोन मणके एकमेकांवर बसवून बाजूनं दाखवले आणि मला आमचं छप्परच दिसलं. हे सांधे आडवे नसतात, उभेही नसतात. ते सुमारे ४५ अंशांनी तिरपे, पुढून मागे उतरते असतात. वरच्या मणक्याचा पृष्ठभाग खालच्या मणक्याच्या पृष्ठभागावर मागच्या बाजूनं, कौलावर कौल ठेवावं तसा टेकलेला असतो. आपण मान खाली घातली की वरचं कौल उतारावरून थोडं वर आणि पुढे सरकतं. मान वर केली की ते परत खाली येतं. दिवसातून हजार वेळा हे होतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

कमरेत असं नसतं. तिथले सांधे जवळजवळ उभे असतात, दाराच्या चौकटीसारखे एकमेकांत अडकलेले. कमरेतला मणका पुढे घसरायला निघाला तर ही चौकट त्याला अडवते. ती बहुधा मोडल्याशिवाय मणका सुटत नाही. मानेला अशी चौकट नाही. मानेला चहूकडे बघायचं असतं, म्हणून तिला उतार दिला आहे. उतारावर अडवणारं हाड नसतं. अडवतात ते अस्थिबंध, सांध्याची पिशवी, चकती आणि स्नायू. म्हणजे दोऱ्या.

माणूस डोक्यावर आपटतो, डोकं जागच्या जागी थांबतं आणि मागून येणारं सगळं शरीर मानेला पुढे दुमडतं, तेव्हा या दोऱ्या मागून पुढे एकामागून एक तुटत जातात. वरचं कौल उतारावरून वर चढतं. नेहमीची हद्द ओलांडतं. कधी ते खालच्या कौलाच्या कडेवर येऊन तोल सांभाळत थांबतं. कधी तेही ओलांडून पलीकडे, पुढच्या बाजूला पडतं आणि अडकून बसतं. मग मान वर केली तरी ते मागे येत नाही, कारण मध्ये खालच्या कौलाची कड आडवी असते.

आमच्या गावी छपरावर माकडं उड्या मारून गेली की असंच व्हायचं. कौल मोडायचं नाही, नुसतं सरकायचं. खालून बघितलं तर सगळी कौलं धड. आणि पहिल्या पावसाला घरात पाणी.

डॉक्टर १९८६ साली दिव्यासमोर फोटो धरून जे म्हणाले होते, ते मला त्या दिवशी समजलं.

विहिरीत सूर मारताना प्रत्येक वेळी हेच होतं असं नाही. मान सरळ रेषेत आपटली तर मणक्याचा ठोकळाच फुटतो. मान दुमडली तर सांधा निखळतो. बरेचदा दोन्ही होतं. निखळणं मुख्यतः पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या जोड्यांत घडतं. मान दुमडतानाच वळलीही, तर एकाच बाजूचं कौल पलीकडे पडतं. अशा वेळी मणका साधारण पाव भाग पुढे येतो. मान एका बाजूला वाकडी राहते, एखाद्या हातात कळ किंवा मुंग्या येतात, पण मेरुरज्जू पुष्कळदा वाचतो. असा माणूस कधी कधी स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतो, 'मान लचकली आहे' म्हणून सांगतो आणि गोळी घेऊन घरी जातो. दोन्ही बाजूंची कौलं पडली, तर मणका निम्मा किंवा त्याहूनही जास्त पुढे येतो. मानेच्या खालच्या भागात मेरुरज्जूचा मार्ग पुढून मागे जेमतेम दीडपावणेदोन सेंटिमीटर रुंद. त्यात करंगळीपेक्षा बारीक असा रज्जू. छप्पर निम्मं सरकल्यावर त्याला जागा उरणार कुठे?

कॅशियरचं दोन्ही बाजूंचं होतं. तो श्वास घेऊ शकत होता, कारण छातीखालच्या पडद्याला हलवणारी नस मेरुरज्जूतून वरच्या बाजूलाच, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. खांदे उचलत होता, कोपर दुमडत होता. बोटं मात्र त्याहून खालच्या पातळीवर अवलंबून असतात. ती गेली.

हे दुखणं माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. इजिप्तमध्ये लक्सर इथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थानं एक पपायरस विकत घेतला. तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उतरवलेला, आणि मूळ मजकूर त्याहून जुना. ब्रेस्टेड या पंडितानं १९३० साली त्याचं भाषांतर प्रसिद्ध केलं. त्यात जखमांची ४८ प्रकरणं आहेत. ३१वं प्रकरण मानेतला मणका निखळलेल्या माणसाचं. त्या अनाम वैद्यानं लिहून ठेवलं आहे की अशा माणसाला आपले हात आणि पाय आहेत याची जाणीव राहत नाही, आणि हे दुखणं इलाज करण्यासारखं नाही. प्राध्यापकांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला. विहिरीतला तो प्रश्न नाईलच्या काठी कुणीतरी आधीच ऐकला होता.

तो निकाल माणसानं मान्य केला नाही, ही त्यातली समाधानाची गोष्ट. १९३३ साली अमेरिकेत क्रचफील्ड या शल्यविशारदानं कवटीच्या हाडात बसवायचा चिमटा वापरात आणला. त्याला दोरी, दोरी कप्पीवरून, खाली वजन. इथेही कौलाचाच न्याय. अडकलेलं कौल नुसतं मागे ढकललं तर कडा कडेला घासते. शाकारणी करणारा गडी आधी ते अलगद उचलतो आणि मग जागेवर उतरवतो. तसंच रुग्ण जागा असताना, त्याला विचारत विचारत, फोटो काढत काढत वजन थोडंथोडं वाढवत नेतात. कडा कडेवरून सुटली की मणका मागे येतो. पुढे पट्टी आणि स्क्रूनं जोड पक्का करतात. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे १९४४ साली लुडविग गुटमन यांनी मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. कूस बदलणं, त्वचा जपणं, लघवीचा जंतुसंसर्ग टाळणं, आणि मग कामाला लावणं. त्याआधी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. त्यांच्याच रुग्णांच्या १९४८ सालच्या तिरंदाजीच्या स्पर्धेतून आजचं पॅरालिम्पिक उभं राहिलं.

वेळेचं महत्त्वही आता अधिक कळलं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, मानेच्या मेरुरज्जूला इजा झालेल्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात, २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दाब काढलेल्यांमध्ये चांगली सुधारणा होणाऱ्यांचं प्रमाण उशिरा केलेल्यांपेक्षा जास्त दिसलं. आमच्या कॅशियरला वजन लावलं गेलं ते तिसऱ्या दिवशी. मणका जागेवर आला. शक्ती आली नाही.

सगळं समजल्यावर मी प्राध्यापकांना तो प्रश्न विचारला, जो मी बायकोलाही कधी विचारला नव्हता. "सर, त्याचं नुकसान खडकानं केलं की आम्ही केलं?"

ते बराच वेळ मणके दोऱ्यात ओवत राहिले. मग म्हणाले, "बहुतेक नुकसान आघाताच्या क्षणीच होतं. पाण्यातच त्याला हात समजत नव्हते, म्हणजे तेव्हाच झालेलं होतं. पण सगळं तेव्हाच झालं होतं की थोडं शिल्लक होतं, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. काही जण मात्र असे असतात, की जागेवर हात हलवतात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो हलायचा थांबतो. त्यांच्यासाठी नियम पाळायचा. आणि तो माणूस त्यांच्यातला आहे की नाही हे उचलणाऱ्याला कधीच माहीत नसतं."

तो नियम मी वहीत लिहून घेतला. वाचकांनी घरातल्या तरण्या मुलांना तो वाचून दाखवावा, म्हणून इथे उतरवतो आहे.

विहिरीत, नदीत डोक्यावर आपटलेला, झाडावरून किंवा दहीहंडीच्या थरावरून पडलेला, डोक्यावर पोतं घेऊन घसरलेला हमाल, दुचाकीवरून उडालेला, चाकात ओढणी अडकून मानेला हिसका बसलेली मुलगी, यांपैकी कुणीही मान दुखते म्हणालं, हातापायांना मुंग्या येतात म्हणालं, किंवा बेशुद्ध असेल, तर मान निखळली आहे असंच धरून चालावं. त्याला उठवून बसवू नये. पाणी पाजू नये. वाकडी झालेली मान ओढून सरळ करू नये. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवावं आणि त्याच्याशी बोलत राहावं. हेल्मेट घाईनं उपसू नये. पाण्यात असेल तर डोकं आणि धड एकदमच फिरवून उताणा करावा आणि फळी किंवा बाज येईपर्यंत तसाच तरंगता धरावा, कारण पाणी त्याला जितकं अलगद धरतं तितकं आपण धरू शकत नाही. उचलायचंच झालं तर दार, शिडी, बाज, काहीही सपाट घ्यावं, चार-पाच जणांनी मिळून उचलावं आणि हुकूम डोकं धरणाऱ्यानं द्यावा. श्वास थांबला असेल, आग असेल, बुडण्याची भीती असेल तर आधी जीव, मग मान. आणि दवाखान्यात फोटो काढल्यावर मानेचे सातही मणके त्यात दिसले का, हे विचारायला लाजू नये. खांद्यांच्या सावलीत खालचा मणका झाकला जातो आणि निखळलेला सांधा नेमका तिथेच असू शकतो. आता बहुतेक ठिकाणी सीटी स्कॅन करतात, तो अधिक खात्रीचा.

आमच्या वेळी नसलेल्या दोन गोष्टी आज आहेत. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट मिळते. आणि रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांच्या लचांडाची भीती वाटू नये, म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातलं आहे. सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

कॅशियर त्यानंतर नऊ वर्षं जगला. वहिनींनी त्याला ज्या निगुतीनं सांभाळलं त्यावर वेगळं पुस्तक होईल. मी बदलीच्या गावाहून वर्षातून दोन-तीनदा जायचो. एकदा खिशात पगाराचं कोरं बंडल होतं. तो म्हणाला, "साहेब, माझ्या कानाशी मोजा." मी त्याच्या उशाशी बसून नोटा उडवल्या. त्यानं डोळे मिटले होते. आवाज थांबल्यावर म्हणाला, "अठ्ठ्याण्णव. दोन नोटा तुम्ही घरून निघताना बसच्या भाड्याला काढल्या." खरं होतं. मग हसून म्हणाला, "पण बोटं अजून कच्ची आहेत तुमची."

त्या दिवशी मी त्याला उचलल्याबद्दल बोलणार होतो. शब्द जुळवत होतो. त्याला ते कळलं असावं. तोच म्हणाला, "तुम्ही उडी टाकली नसती तर मी बुडालो असतो, साहेब." मी मान खाली घातली. मान खाली घालताना सांध्यातली कौलं उतारावरून वर सरकतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन एका स्नेह्याच्या मळ्यावर गेलो होतो. विहीर बघताच त्यानं शर्ट काढला. "आजोबा, वरून सूर मारू?" मी मळेकऱ्याला लांब बांबू आणायला सांगितला. पायऱ्या उतरून आम्ही दोघांनी पाण्यात तो सगळीकडे टोचून बघितला. पाच ठिकाणी तळ लागला नाही. सहाव्या ठिकाणी, काठालगत, तो खडकाला टण्णकन लागला.

नातू त्या दिवशी पायऱ्यांवरून उतरून पोहला.